टाकीवरची बाग आणि दमलेले अवधान

मराठी पुस्तकांच्या दुकानात मानसशास्त्राची पुस्तके आणि निसर्गाची पुस्तके सहसा वेगवेगळ्या कप्प्यांत लावलेली असतात, आणि या मांडणीमागे दुकानदाराच्या सोयीइतकीच वाचकांची समजूतही असते. एका कप्प्यात अच्युत गोडबोले यांचे ‘मनात’ किंवा अंजली जोशी यांचे ‘मी अल्बर्ट एलिस’ असते. दुसऱ्यात दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’, व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’, मारुती चितमपल्लींचे ‘रानवाटा’ असते. एलिस या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाची विवेकनिष्ठ उपचारपद्धती असे मानते की, माणसाला होणारा त्रास घटनेपेक्षा त्या घटनेविषयी त्याने धरलेल्या अवाजवी अपेक्षांतून अधिक उद्भवतो, आणि म्हणून विचार तपासला, दुरुस्त केला की भावनाही बदलते. दुसऱ्या कप्प्यातील पुस्तके दुःखाविषयी असे काहीच सांगत नाहीत, कोणताही उपाय सुचवत नाहीत, तरीही ती मिटून ठेवताना वाचकाला हलके वाटते. विचार बदलण्याचे कष्ट न घेताही मनाला उसंत मिळू शकते का, आणि मिळत असल्यास ती नेमकी कशामुळे, हा प्रश्न या दोन कप्प्यांच्या मधोमध पडून राहिलेला आहे, आणि गेल्या चार-पाच दशकांत पर्यावरणीय मानसशास्त्र या शाखेने तो उचलला आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी घनदाट अरण्य ही फारशी सोयीची जागा नाही. आठ दिवस ताडोबाला राहून आलेल्या माणसाला बरे वाटले, तर ते झाडांमुळे वाटले, रजेमुळे वाटले, की कचेरीतला फोन लागत नसल्यामुळे वाटले, हे सांगणे अवघड असते. त्यापेक्षा रोजच्या धबडग्याला खेटून असलेली, दिवसाकाठी अर्धा तासच वाट्याला येणारी एखादी जागा अधिक उपयोगी पडते. मुंबईत माझगावची टेकडी ही तशी जागा आहे.

पर्यावरणीय मानसशास्त्रातील मनाच्या विसाव्याविषयीच्या विचारांचा पाया रचेल आणि स्टीफन कॅप्लन या मिशिगन विद्यापीठातील दांपत्याने घातला असून त्यांचा ‘द एक्स्पिरिअन्स ऑफ नेचर’ हा ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मांडणीचे बीज मात्र त्याच्या ९९ वर्षे आधी, १८९० मध्ये, विल्यम जेम्स यांनी ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ मध्ये केलेल्या एका भेदात सापडते. समोरच्या असंख्य गोष्टींपैकी काहींची निवड करणे आणि उरलेल्यांना मनाबाहेर ठेवणे या क्रियेला अवधान म्हणतात. हे अवधान कधी प्रयत्नपूर्वक लावावे लागते, तेव्हा ते ऐच्छिक असते, आणि कधी एखादी गोष्ट ते स्वतःकडे ओढून घेते, तेव्हा ते अनैच्छिक असते. कॅप्लन यांनी याला पुढची जोड अशी दिली की, ऐच्छिक अवधान दमते. निवडलेली गोष्ट धरून ठेवण्यात फारशी शक्ती खर्च होत नाही. न निवडलेल्या शंभर गोष्टींना सतत थोपवून धरण्यात ती खर्च होते, आणि हे थोपवणे दिसत नसल्यामुळे माणूस दमल्याची नोंदही कोणी घेत नाही, तो स्वतःही नाही.

हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानकात संध्याकाळी उतरणाऱ्या माणसाने एवढ्यात काय काय थोपवलेले असते, याची मोजदाद केली तर ही कल्पना स्पष्ट होते. डब्यात शेजारच्याच्या मोबाइलवर मोठ्याने चाललेली चित्रफीत, ‘पुढील स्टेशन’ सांगणारा आवाज, दारातली रेटारेटी, जिन्यावर मागून येणारा लोंढा, आणि रस्त्यावर आल्यावर गोदीकडे जाणारे कंटेनर आणि दोन गाड्यांच्या फटीतून घुसणारी दुचाकी, या सगळ्यांपैकी प्रत्येकाकडे क्षणभर लक्ष देऊन ते पुन्हा मागे खेचून घ्यावे लागते. अशा माणसाला घरी गेल्यावर वर्तमानपत्रातील एकच ओळ तीनदा वाचावी लागते, ‘भाजी कोणती करू?’ या प्रश्नाचेही उत्तर सुचत नाही, आणि मुलाच्या साध्या हट्टावर तो खेकसतो. घरची मंडळी याला त्याचा स्वभाव म्हणतात. पुष्कळ वेळा तो स्वभाव नसतो, दिवसभर राबवलेल्या अवधानाने संध्याकाळी हात टेकलेले असतात, आणि स्वभावाच्या नावावर खपवल्या गेलेल्या या थकव्याला वेगळे नाव देणे ही कॅप्लन यांची सर्वांत मोठी कामगिरी म्हणावी लागेल.

दमलेल्या अवधानाला झोपेखेरीज विसावा कोठे मिळतो, याच्या उत्तरात त्यांनी चार गुण सांगितले: नेहमीच्या व्यापापासून दूर आल्याची जाणीव, आत शिरल्यावर वेगळ्या जगात वावरल्यासारखे वाटेल इतका विस्तार, लक्ष आपोआप वेधून घेणारे पण त्याला पकडून न ठेवणारे सौम्य आकर्षण, आणि माणसाला तेथे जे करावेसे वाटते त्याच्याशी त्या जागेचा मेळ, म्हणजे अनुरूपता. डॉकयार्ड रोड स्थानकापासून काही मिनिटांची चढण चढून गेल्यावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान लागते, आणि हे चारही गुण तेथे लावून पाहता येतात. अंतर तर नाममात्रच आहे, परंतु चढण असल्यामुळे वाहनांचा आवाज पायाखाली राहतो, आणि दूर असणे हे मैलांवर अवलंबून नसते हे कॅप्लन यांचे म्हणणे पटते. बाग स्वतः लहान आहे, पण तिच्या पूर्वेकडच्या कठड्याशी उभे राहिले की गोदीतल्या याऱ्या, नांगरलेली जहाजे आणि त्यांच्यापलीकडचे बंदराचे पाणी दिसते, म्हणजे विस्तार उसना मिळतो. सौम्य आकर्षणासाठी तर घारीसारखे दुसरे उदाहरण नाही: टेकडीवरच्या गरम हवेवर पंख न हलवता ती एक घेर घेते, शेपटी किंचित तिरकी करते, दुसरा घेर घेते, आणि पाहणाऱ्याचे डोळे तिच्यामागे फिरत असताना त्याच्या मनात घरभाड्याचा किंवा औषधांच्या बिलाचा विचार येऊन जायला पुरेशी जागा शिल्लक राहते. क्रिकेटचा सामनाही लक्ष वेधतो, पण तो मनात दुसरे काही येऊच देत नाही; अशा कब्जा करणाऱ्या आकर्षणात माणूस रमतो, दमलेले अवधान मात्र भरून निघत नाही. चौथा गुण, अनुरूपता, हा सर्वांत कमी चर्चिला गेलेला आणि मुंबईसारख्या शहरात सर्वांत निर्णायक गुण आहे, कारण बाग कितीही हिरवी असली तरी जिला तेथे एकटीने अर्धा तास नुसते बसायचे आहे अशा बाईला जर ‘ही कोणाची वाट पाहते आहे?’ अशा नजरा झेलाव्या लागत असतील, तर त्या नजरांना थोपवण्यात तिचे अवधान रस्त्यावरच्याइतकेच खर्ची पडते.

या टेकडीचा इतिहासही जरा विलक्षण आहे. भंडारवाडा टेकडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उंचवट्यावर सतराव्या शतकात इंग्रजांचा किल्ला होता आणि १६९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने तो जमीनदोस्त केला. पुढे १८८४ मध्ये येथे पाण्याचा जलाशय बांधण्यात आला, आणि आज ज्या हिरवळीवर माणसे फेऱ्या मारतात तिच्याखाली दक्षिण मुंबईच्या नळांना जाणारे पाणी साठवलेले आहे. बागेला ज्यांचे नाव आहे ते काका बाप्टिस्टा याच टेकडीजवळच्या म्हातारपाखाडीत १८६४ मध्ये जन्मले, टिळकांचे निकटचे सहकारी झाले, होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर होते, हे अनेकांना ठाऊक असते. बॅरिस्टर होण्यापूर्वी ते सिंध प्रांतात वनाधिकारी होते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

कॅप्लन यांची मांडणी अनुभवाला पटणारी असली तरी तिच्या बाजूने पुरावा किती आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. सर्वांत प्रसिद्ध अभ्यास रॉजर उल्रिच यांचा असून तो १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि वय, लिंग, धूम्रपान अशा बाबतींत सारख्या असलेल्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या, ज्यांतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांनी घरी गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांनी, आणि पहिल्या गटाला वेदनाशामकांचे तीव्र डोसही कमी लागले. माझगावला लागून असलेल्या भायखळ्यात, राणीच्या बागेजवळ, मसिना रुग्णालय आहे. ते ज्या वास्तूत १९०२ मध्ये सुरू झाले तो डेव्हिड ससून यांचा बंगला, आणि त्या बंगल्याचे ‘सान्स सूसी’ हे फ्रेंच नाव ‘चिंतामुक्त’ अशा अर्थाचे आहे. श्रीमंतांच्या उद्यानगृहांना अशी नावे देण्याची हौस त्या काळी होती. तेथे पुढे आजारी माणसांच्या खाटा पडल्या, हे उल्रिच यांना आवडले असते.

दुसरा उल्लेखनीय प्रयोग मार्क बर्मन, जॉन जोनिडिस आणि स्टीफन कॅप्लन यांचा, २००८ सालचा. त्यांनी वापरलेली चाचणी घरी कोणालाही करून पाहता येण्याइतकी सोपी आहे: कोणीतरी ‘पाच, आठ, तीन, नऊ’ असे आकडे सांगायचे आणि ऐकणाऱ्याने ते उलट क्रमाने, ‘नऊ, तीन, आठ, पाच’ असे म्हणायचे, मग आकडे वाढवत न्यायचे. आकडे मनात धरून ठेवून त्यांची उलटापालट करण्यासाठी ऐच्छिक अवधान लागते आणि ते दमलेले असेल तर पाचव्या-सहाव्या आकड्याशी गाडी अडते. ॲन आर्बर येथे वृक्षोद्यानातून सुमारे पन्नास मिनिटे चालून आलेल्यांची या चाचणीतील कामगिरी सुधारली, शहराच्या गजबजलेल्या भागातून तितकेच चालून आलेल्यांची तशी सुधारली नाही. आणि यातील खरी गोम अशी की, जानेवारीच्या कडाक्यात चालायला लागल्यामुळे ज्यांना फेरफटका मुळीच सुखाचा वाटला नाही, त्यांनाही फायदा झाला. म्हणजे मन प्रसन्न होणे आणि अवधान ताजे होणे या दोन भिन्न गोष्टी ठरतात.

२०१५ मध्ये ग्रेगरी ब्रॅटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड येथे ३८ जणांवर केलेला अभ्यास मनाच्या रवंथाविषयी आहे. झालेला अपमान, हुकलेली संधी, स्वतःची चूक हे पुन्हा पुन्हा चघळत राहणे, आणि त्यातून काहीच निष्पन्न न होणे, याला मानसशास्त्रात जी संज्ञा आहे तिचा मूळ अर्थही गुरांनी खाल्लेला चारा परत तोंडात आणून चावणे असाच असल्यामुळे मराठीतला ‘रवंथ’ हा शब्द येथे नेमका बसतो. फरक एवढाच की, गाईचा चारा रवंथाने पचतो, माणसाचा अपमान पचत नाही. नैसर्गिक परिसरात ९० मिनिटे चालून आलेल्यांमध्ये हे चघळणे कमी झाले आणि मेंदूतील त्याच्याशी संबंधित एका भागाची हालचालही मंदावली, तर वाहत्या रस्त्याच्या कडेने चाललेल्यांमध्ये तसे दिसले नाही.

एवढ्यावरून निसर्गाला औषधाची बाटली ठरवणारी जी पुस्तके बाजारात आली आहेत, त्यांच्यापासून मात्र चार हात दूर राहिलेले बरे. २३ जोड्या आणि ३८ माणसे ही संख्या लहान आहे. मॅथ्यू व्हाइट आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मधील इंग्लंडमधील अभ्यासात जवळजवळ वीस हजार लोकांची माहिती होती आणि आठवड्याला १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांचे आरोग्य व समाधान अधिक असल्याचे त्यात आढळले, पण जो आजारी किंवा उदास आहे तो मुळातच घराबाहेर कमी पडतो, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अशा पाहणीतून ठरत नाही. रिचर्ड लूव्ह यांच्या २००५ मधील ‘लास्ट चाइल्ड इन द वुड्स’ या पुस्तकामुळे ‘निसर्ग-अभाव विकार’ हा शब्दप्रयोग फार लोकप्रिय झाला. हे वैद्यकीय निदान नाही, असे लेखकाने स्वतःच सांगितलेले असूनही वाचकांनी आणि पालकांनी ते निदान म्हणूनच उचलले. तीव्र नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला ‘जरा बागेत फिरून ये’ असे सांगणे हे तर अज्ञानच होय. त्याला डॉक्टर लागतो, आणि बाग त्यानंतर.

खिडकीबाहेरच्या झाडाकडे परत येताना दुर्गा भागवतांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. आदिवासी भागात संशोधन करत असताना झालेल्या विषबाधेमुळे त्यांच्या आयुष्यातील काही वर्षे आजारपणात गेली. पुढे, १९५६ मध्ये, ‘ऋतुचक्र’ प्रसिद्ध झाले. चैत्रापासून महिन्यामागून महिना घेत लिहिलेले हे पुस्तक वनपर्यटनाचे नाही. त्याची रीत अशी की, एकच झाड महिन्याभरात कसकसे बदलले हे परत परत जाऊन पाहायचे, आणि पाहिलेले नेमक्या शब्दांत उतरवायचे. कॅप्लन ज्याला सौम्य आकर्षण म्हणतात त्याचे व्याकरणच जणू या पुस्तकात तीन दशके आधी मांडलेले आहे, आणि त्यात एक भर आहे जी कॅप्लन यांच्याकडे तितकी ठळक नाही, ती म्हणजे पुनरावृत्तीची. पिंपळाची तांबूस पालवी एकदा पाहणे आणि ती तांबूस होती तेव्हापासून गर्द हिरवी होईपर्यंत पाहत राहणे, यांत जो फरक आहे तो रोज त्याच कठड्याशी जाणाऱ्याला कळतो.

चितमपल्लींनी या पाहण्याला नावांची जोड दिली. वनखात्यातील नोकरीत त्यांनी पक्ष्यांची, झाडांची, जनावरांच्या सवयींची रानात वावरणाऱ्या लोकांच्या तोंडची नावे गोळा केली, आणि नाव मिळाले की पाहणे कसे टोकदार होते हे त्यांच्या पानापानावर दिसते. माझगावातही उन्हाच्या वेळी वड-पिंपळांतून ‘टुक्-टुक्-टुक्’ असा एकसुरी आवाज येत असतो, आणि ज्याला नाव ठाऊक नाही त्याच्यासाठी तो शहराच्या गोंगाटातच जमा असतो. हा तांबट पक्षी. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा आवाज म्हणून त्याला ते नाव मिळाले, आणि मुंबईचा महानगरी पक्षी म्हणूनही त्याचीच निवड झाली. ज्या शहरात तांबाकाट्याला खऱ्या तांबटांच्या हातोड्यांचे आवाज येत होते, तेथे हे नाव पुस्तकी वाटत नाही. नाव कळल्यानंतर तोच माणूस मान वर करून पानांत चिमणीएवढा हिरवा, कपाळावर लाल टिळा असलेला पक्षी शोधू लागतो, आणि ती दोन-चार मिनिटे त्याच्या अवधानाने कोणालाही थोपवलेले नसते.

या विषयावर मराठीत बोलायचे तर तुकोबांच्या वृक्षवेलींच्या अभंगाशिवाय पान हलत नाही, पण त्याचा उपयोग बहुधा वृक्षारोपणाच्या फलकापुरता होतो. अभंग पुढे वाचला तर तुकोबा तेथे एकांताच्या सुखाविषयी आणि शेवटी स्वतःच्याच मनाशी होणाऱ्या संवादाविषयी बोलत आहेत, हे लक्षात येते. कॅप्लन यांनीही विसाव्याच्या पायऱ्या सांगताना डोके रिकामे होणे, अवधान परत येणे, मागे पडलेले प्रश्न शांतपणे समोर येणे, आणि शेवटी स्वतःच्या आयुष्याचा, अग्रक्रमांचा विचार करता येणे असा क्रम लावला आहे. शेवटची पायरी आणि मनाचा रवंथ हे वरवर सारखेच दिसतात, कारण दोन्हींत माणूस स्वतःशीच बोलत असतो. परंतु एकात तो वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश अशा तिन्ही भूमिकांत अडकलेला असतो, तर दुसऱ्यात त्याला ऐकून घेण्याइतकी फुरसत मिळालेली असते. एलिस यांच्या उपचारपद्धतीत अपेक्षित असलेली विचारांची तपासणीदेखील दमलेल्या अवधानाने होणारी नाही, आणि या अर्थाने दुकानातील ते दोन कप्पे एकमेकांना पूरक ठरतात.

माणसाला निसर्गाची ओढ उपजतच असते, असे मानणारा आणखी एक पंथ आहे. एरिक फ्रॉम यांनी जिवंत गोष्टींवरील प्रेमासाठी वापरलेला ‘बायोफिलिया’ हा शब्द एडवर्ड विल्सन यांनी १९८४ मध्ये पुस्तकाचे नाव म्हणून घेतला आणि त्याला उत्क्रांतीची बैठक दिली. थिओडोर रोझाक यांनी १९९२ मध्ये त्यावर परिस्थितिकी-मानसशास्त्राची उभारणी केली. ही मांडणी मोहक आहे, पण ती सिद्ध करणे आणि खोडून काढणे दोन्ही सारखेच कठीण असल्यामुळे तिच्यावर येथे अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

याउलट ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ ग्लेन आल्ब्रेख्ट यांची ‘सोलास्टॅल्जिया’ ही संकल्पना मुंबईकराला समजावून सांगावीही लागत नाही. न्यू साउथ वेल्समधील हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणींमुळे आपला परिसर ओळखू येईनासा झालेल्या लोकांचे दुःख पाहून त्यांनी २००३ च्या सुमारास हा शब्द घडवला. परदेशी गेलेल्याला घराची आठवण येते. येथे माणूस घरातच असतो आणि घर त्याच्याभोवतीचे निघून जाते. माझगावचा आंबा एके काळी इतका नावाजलेला होता की टॉमस मूर या आयरिश कवीच्या १८१७ मधील ‘लाला रूख’ या काव्यातही त्याचा उल्लेख आला, आणि येथील काही झाडे वर्षातून दोनदा, म्हणजे उन्हाळ्यात आणि पुन्हा नाताळच्या सुमारास, फळे देत असल्याच्या नोंदी आहेत. आमराया गेल्या, नारळाच्या वाड्या गेल्या, गोदी आली, वखारी आल्या. म्हातारपाखाडीच्या लाकडी सज्जांच्या घरांभोवती आता उंच इमारती उठत आहेत.

राणीच्या बागेच्या बाबतीत हे दुःख वेळेआधीच ओळखले गेले. १८६२ मध्ये खुल्या झालेल्या आणि १८७३ मध्ये महापालिकेकडे आलेल्या या वनस्पती उद्यानात प्राणिसंग्रहालयाची भर नंतर पडली, पण लोकांच्या तोंडी ते प्राण्यांचेच झाले. २००७ च्या सुमारास तेथे परदेशी धर्तीच्या प्राणिसंग्रहालयाची मोठी योजना आली, तेव्हा नागरिकांनी झाडे मोजून, ओळखून, त्यांची नावे लोकांपुढे मांडून तिला विरोध केला, आणि ती योजना मूळ स्वरूपात पुढे गेली नाही. २०१६ मध्ये हम्बोल्ट पेंग्विन मात्र आले. सुटीच्या दिवशी त्यांच्या थंडगार काचेपुढे खांद्यावर मुले घेतलेल्या माणसांची रांग सरकत असते, प्रत्येकाच्या हातातला मोबाइल वर असतो, आणि मागचा माणूस पुढच्याला ‘चला, चला’ म्हणत असतो. त्याच आवारात मूळची ब्रह्मदेशातली उर्वशी आहे; हिवाळा सरताना तिच्या फांद्यांवरून लाल फुलांचे लांब झुबके खाली लोंबतात, फुलांच्या पाकळ्यांच्या टोकांशी पिवळा ठिपका असतो, आणि तिच्यापुढे उभे राहायला रांग लागत नाही.